जुन्या मोटारीचा अज्ञात इतिहास

नाशिकच्या कारखान्यात 2007 साली महिंद्र आणि फ्रान्सची रेनो या दोन कंपन्यांच्या संयुक्त संस्थेने 'लोगन' ही मोटार बांधावयास घेतली, तेव्हा तिच्या ठोकळेबाज रूपाकडे पाहून नाके मुरडणारेच अधिक निघाले. परंतु ज्यांनी ती घेतली त्यांनी ती सहसा सोडली नाही. मागच्या आसनावर तीन माणसे अंग न चोरता बसत आणि 510 लिटरच्या डिकीत लग्नघराचे सामान मावे. खराब रस्त्यांचेही तिला फारसे काही वाटत नसे. आता त्या मोटारींना पंधरा वर्षे उलटून गेली आहेत वा उलटत आहेत, आणि अनेक शिक्षक, कारकून व निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरी एकच प्रश्न चर्चेस निघतो आहे: हिच्या जागी कोणती घ्यावी? नव्या मोटारीची किंमत झेपणारी नसते, म्हणून पर्याय उरतो तो जुन्याचाच.

यात एक विसंगती आहे. रेनोने रुमानियातील 'दाचिया' या आपल्या कंपनीमार्फत 2004 साली लोगन प्रथम काढली, ती पाच हजार युरोंत मोटार देण्याच्या जिद्दीने. ज्या ग्राहकाला एरवी कोणी तरी वापरून टाकलेली मोटारच परवडली असती, त्याच्यापुढे कोरी करकरीत मोटार ठेवावयाची, असा त्या योजनेचा गाभा होता. त्याच मोटारीचा मालक वीस वर्षांच्या आतबाहेर पुन्हा वापरलेल्या मोटारींच्या बाजारात येऊन उभा राहिला आहे.

या बाजारात शिरणारा गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो कंपनीचा आणि नमुन्याचा. डिझायर बरी की अमेझ? इटिऑस दणकट म्हणतात, खरे काय? कचेरीतील सहकारी, मेव्हणा आणि गॅरेजमधील मिस्त्री या तिघांची तीन मते पडतात व तिन्ही छातीठोकपणे मांडली जातात. वस्तुतः हा प्रश्न दुय्यम होय. कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन सारख्या मोटारींत दहा वर्षांनंतर जे अंतर पडते, ते दोन भिन्न कंपन्यांच्या मोटारींतील अंतराहून कितीतरी मोठे असते. एकीचे तेल वेळच्या वेळी बदलले गेले, दुसरीचे नाही. एक घराच्या आडोशाला उभी राहिली, तर दुसरी चार दिवस पुराच्या पाण्यात. जुनी मोटार घेणारा माणूस मोटारीपेक्षा तिच्या आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असतो आणि नेमकी तीच गोष्ट त्याला कोणी दाखवीत नाही.

अर्थशास्त्राने या अडचणीची दखल फार पूर्वी घेतली आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा 1970 साली प्रसिद्ध झालेला निबंध जुन्या मोटारींच्या बाजारावरच बेतलेला होता. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. त्याच्या लेखकाला पुढे 2001 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचे म्हणणे साधे आहे. मोटार चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीपोटी सर्वांनाच मध्यम भाव देऊ करतो. त्या भावात चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही. तो ती बाजारात आणीतच नाही किंवा नात्यागोत्यात देऊन टाकतो. बाजारात मागे उरतो तो गाळ, आणि त्यामुळे भाव आणखी उतरतो. अकरलॉफ 1967-68 मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि त्या निबंधात भारतातील सावकारीचीही उदाहरणे आली आहेत, हे मराठी वाचकांस कदाचित नवे वाटेल. माणसाची पत ओळखून कर्ज देणारा गावचा सावकार आणि मोटार न ओळखता पैसे मोजणारा शहरी नोकरदार ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत.

विकणाऱ्याला ठाऊक असलेले घेणाऱ्याने कसे काढून घ्यावे? किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवणे सर्वांत सोपे आणि सर्वांत धोक्याचे. हल्लीचे अंतरमापक विद्युत्‌चलित आहेत, व हातातील उपकरण जोडून त्यावरील आकडा मागे नेणे हा काही मिनिटांचा उद्योग झाला आहे. पण मोटारीचे इतर अवयव इतके आज्ञाधारक नसतात. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या मोटारीच्या क्लचचे पायतळ गुळगुळीत झालेले नसते, सुकाणूवरील चामडे चकाकत नसते आणि चालकाच्या आसनाची कड फाटलेली नसते. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. 2319 असे असल्यास तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातील. मोटार 2018 ची, काटा वीस हजारांचा आणि टायर मात्र 2023 चे, असे आढळले की विकणाऱ्याकडे खुलासा मागावा. काचांवरही सालाची खूण असते. एकच काच निराळ्या सालाची निघाली तर ती का बदलावी लागली, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

महाराष्ट्रात याहून मोठे भय पाण्याचे आहे. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी, सांगली-कोल्हापुरात 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि चिपळूणला 2021 च्या जुलैमध्ये असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. बुडालेली मोटार धुऊन, वाळवून, अत्तर मारून पुन्हा उभी करता येते. ती चालतेही, पण तिच्या तारांच्या जोडांतील गंज महिना-दोन महिन्यांनी एकेक करून बोलू लागतो. अशा मोटारीची परीक्षा नाकाने व बोटांनी करावी लागते. आसनाखालील रुळांत बोट फिरवून गाळ लागतो का, सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढल्यावर त्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग आहे का, डिकीतील जादा चाकाच्या खोबणीत गंज किती, हे पाहण्यास अर्धा तासही लागत नाही. तथापि अनेक कुटुंबे तो अर्धा तास मोटारीचा रंग आणि संगीतयंत्र यांच्यावर खर्च करतात. मोटार पाहावयास जावे ते सकाळी, इंजिन थंड असताना. विकणाऱ्याने आधीच ते तापवून ठेवले असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. दोनशे-पाचशे रुपये घेऊन सोबत येणारा ओळखीचा मिस्त्री या व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा आहे.

आता नमुन्यांविषयी. लोगनच्या मालकाला पहिला धक्का बसतो तो डिकी उघडल्यावर. केंद्र सरकारने 2006 च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले, आणि लहान म्हणजे चार मीटरांच्या आतली, अशी व्याख्या केली. पेट्रोल इंजिनास 1,200 व डिझेल इंजिनास 1,500 घनसेंटिमीटरची मर्यादा घातली. लोगनचे डिझेल इंजिन 1,461 घनसेंटिमीटरचे, म्हणजे मर्यादेत बसणारे. पण अंगाने ती चार मीटरांहून सुमारे 25 सेंटिमीटर लांब. त्या वीतभर लांबीने तिला सवलतीबाहेर ठेवले. मग इतरांनी जे शहाणपण केले ते सर्वांनी पाहिले. मारुतीने 2012 साली डिझायरची शेपटी आखडून ती मोटार चार मीटरांच्या आत आणली. तिच्या डिकीत उरली सुमारे 316 लिटर जागा. रेनो 2010 साली भागीदारीतून बाहेर पडल्यावर लोगन 2011 पासून 'व्हेरिटो' या नावाने विकली जाऊ लागली, आणि तिचीही एक शेपूटतुटकी आवृत्ती 2013 साली निघाली. कराच्या एका ओळीने देशातील मोटारींचा आकार बदलून टाकला, याची नोंद अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी अवश्य घ्यावी.

ज्या घरात आजी-आजोबा आहेत, वर्षातून दोनदा गावी जाणे आहे आणि परतताना तांदळाचे पोते आहे, त्या घराने म्हणून चार मीटरांबाहेरची मोटार आधी पाहावी. टोयोटाची इटिऑस या दृष्टीने लोगनची खरी वारसदार ठरते. रूपाने तितकीच साधी, डिकी मात्र लोगनहूनही मोठी. तिचे उत्पादन 2020 साली थांबले. पण ती व डिझायर या दोन्ही मोटारी भाड्याच्या व्यवसायात अमाप चालल्या. पिवळी पाटी काढून पांढरी लावलेली मोटार घरगुती म्हणून माथी मारली जाण्याचा धोका त्यांच्या बाबतीत अधिक. आधीची नोंद कोणत्या वर्गात होती हे नोंदणीपुस्तकावरून व परिवहन कार्यालयाच्या दप्तरावरून ताडून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. ज्यांचे कुटुंब चौघांचे आणि फिरणे शहरातल्या शहरात, त्यांना 2018 नंतरची अमेझ किंवा 2017 नंतरची डिझायर पुरते. पहिलीची डिकी 420 लिटरांची आहे आणि दुसरीची 378.

डिझेलचा मोह लोगनच्या मालकांना विशेष. त्यांना तिच्या डिझेल इंजिनाची काटकसर अंगवळणी पडलेली असते. परंतु 2020 च्या एप्रिलपासून आलेल्या भारत-6 मानकांच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. ती साफ होण्यास लांब पल्ल्याचा सलग प्रवास लागतो. घर ते शाळा आणि शाळा ते भाजी मंडई एवढेच जिचे जग, अशा मोटारीत ती तुंबते व खर्चात पाडते. दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल मोटारींची तर गोष्टच निराळी. तेथे दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर हरित लवादाने 2015 साली बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तिला दुजोरा दिला. पुढे त्या बंदीत फेरफारही झाले. दरम्यान उत्तरेतील मोटारींचे लोंढे इतर राज्यांकडे वळले. भाव ऐकून तोंडाला पाणी सुटते, पण तेथील ना हरकत प्रमाणपत्र, येथील फेरनोंदणी आणि महाराष्ट्राचा मोटारकर हे सारे त्या भावात मिळवून पाहिले म्हणजे स्वस्ताई बरीचशी विरते.

साल पाहावयाचे ते केवळ भावासाठी नव्हे. चाके जाम होऊ न देणारी ब्रेकरचना 2019 च्या एप्रिलपासून व चालकासाठी हवेची उशी त्याच वर्षीच्या जुलैपासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठी हवेची उशी सरसकट सक्तीची व्हावयास 2022 चा जानेवारी उजाडावा लागला. त्याआधीच्या मोटारींत या वस्तू वरच्या किमतीच्या आवृत्तींतच असत. तेव्हा 2016 सालची सर्वांत स्वस्त आवृत्ती घेण्यापेक्षा त्याच पैशांत एखादे वर्ष जुनी पण दोन हवेच्या उश्या असलेली आवृत्ती घेणे शहाणपणाचे. मुले मागे बसणार असतील तर हा हिशेब पहिल्या ओळीत लिहावयास हवा.

उरला पैशांचा हिशेब, आणि तेथे कायद्याचे पंचांग आड येते. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी ती वाढविता येते. मात्र 2022 च्या एप्रिलपासून त्यासाठीचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 वर गेले, वीस वर्षांपुढच्या मोटारींना ते 2025 साली 10,000 झाले, आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर त्याखेरीज. समजा, एखाद्या कुटुंबापुढे 2026 साली दोन मोटारी आहेत: 2013 ची अडीच लाखांना आणि 2018 ची पाच लाखांना. पहिलीची नोंद 2028 मध्ये संपते, दुसरीची 2033 मध्ये. नोंदणीच्या उरलेल्या प्रत्येक वर्षामागे पहिली सव्वा लाखाला पडते, दुसरी सत्तर-बाहत्तर हजारांना. नोंदणी वाढविली तर हे चित्र पालटते, हे खरे. पण पंधरा वर्षांच्या मोटारीची तपासणी पार पडेल की नाही याचे उत्तर पुन्हा त्या अज्ञात इतिहासातच दडलेले असते. नव्या लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आला व त्यावरचा अधिभारही गेला, ही बाबही घासाघीस करताना विसरू नये. नवीच उतरली असता जुनीने जुना भाव धरून बसण्याचे कारण नाही. उलट, नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या मोटारीवर त्याच्या नफ्याच्या रकमेवर 18 टक्के कर 2025 पासून लागतो. एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थास विकली तर तो लागत नाही.

हे सारे करूनही ग्राहक निम्म्या अंधारातच असतो, आणि तो अंधार अटळ आहे असे मात्र मुळीच नव्हे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील प्रत्येक मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा व सापडलेले दोष नोंदले जातात आणि मोटारीचा क्रमांक ठाऊक असलेल्या कोणालाही ती नोंद पाहता येते. बेल्जियमने 2006 पासून याही पुढे जाऊन जुनी मोटार विकताना किलोमीटरच्या नोंदींचे प्रमाणपत्र देणे सक्तीचे केले. गॅरेजांनी प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी आकडा कळवावयाचा असतो. आपल्याकडे खासगी मोटारीची सरकारी तपासणी पंधरा वर्षांत एकदाही होत नाही. दप्तरात मालकी कितव्या हाताची, कर्जाचा बोजा आहे काय, विमा कधीपर्यंत, एवढे कळते. मोटार किती चालली आणि अपघातात कितपत चेपली, हे कळत नाही. वास्तविक प्रत्येक मोटार धूरतपासणीच्या केंद्रावर नियमाने जाते आणि विमा कंपन्यांजवळ नुकसानभरपाईच्या प्रत्येक दाव्याची नोंद असते. धूरतपासणीच्या वेळी काट्यावरील आकडा सक्तीने टिपून घ्यावा, मोठ्या दुरुस्तीच्या दाव्यांची तारीख त्याला जोडावी व ही नोंद खरेदीदारापुढे उघडी करावी, याला नवी यंत्रणा लागत नाही, नवा कारकूनही लागत नाही. केंद्राने 2023 च्या एप्रिलपासून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांना अधिकृत नोंदणीची अट घातली, हे योग्यच झाले. पण ती अट व्यापारी कोण हे सांगते. मोटार कशी आहे हे ती सांगत नाही.

फ्रेंच मोटारींच्या बाबतीत या महाराष्ट्राला एक जुना अनुभवही आहे. कल्याणच्या कारखान्यात 1990 नंतरच्या दशकात प्रीमियर कंपनीने पेजोची 309 ही मोटार बांधली. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली आणि मोटारी रस्त्यावर राहिल्या, सुटे भाग मात्र दुर्मिळ झाले. लोगनवर तशी पाळी सर्वस्वी आली नाही. तिचेच डिझेल इंजिन पुढे डस्टरमध्ये आले, व्हेरिटोही कित्येक वर्षे चालू राहिली. तेव्हा जिचे इंजिन शाबूत आहे, काळवेळेचा पट्टा वेळेवर बदललेला आहे आणि तळाला गंज नाही, अशी लोगन आणखी पाच वर्षे ठेवणे हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नव्या-जुन्या मोटारीच्या कर्जाचे व्याज आणि तिच्या अज्ञात दोषांवरचा खर्च एका पारड्यात, आणि ओळखीच्या मोटारीची ओळखीची दुखणी दुसऱ्या पारड्यात, अशी ही तुलना आहे. सोळा वर्षे ज्याने स्वतः तेल बदलून घेतले, त्याला निदान एका मोटारीचा इतिहास ठाऊक असतो.

ती विकावयाचे ठरले, तर मात्र तोच शिक्षक वा कारकून एका दिवसात बाजाराच्या दुसऱ्या बाजूस जाऊन उभा राहतो. दुरुस्तीची बिले फाईलला लावून ठेवली असतील तर ती ग्राहकाच्या हाती द्यावी. तिसऱ्या गिअरची कुरकुर आहे ती सांगावी. भाव थोडा कमी येईल. कागदांच्या बाबतीत मात्र त्याने तसूभरही सैल राहू नये. हातोहात विकल्या गेलेल्या पण दप्तरी पहिल्याच मालकाच्या नावे राहिलेल्या एका मोटारीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच ठेवली. दलाल कोऱ्या अर्जांवर सह्या मागतो, 'पुढचे मी बघतो' म्हणतो, आणि रोख पाहून गृहस्थ सह्या करतो. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्रीची खबर देण्यास विकणाऱ्याला चौदा दिवस दिलेले आहेत. ती खबर त्याने स्वतः द्यावी, पोच घ्यावी, आणि नोंदणीपुस्तकावर नवे नाव चढल्याचे पाहीपर्यंत ती पोच जपून ठेवावी.